दंतटोपी व दंतसेतू

किडलेल्या, मोडलेल्या किंवा झिजलेल्या दाताचा हिरडीबाहेरचा भाग सर्व बाजूंनी झाकून त्याला पूर्ववत आकार व बळ देणारे कृत्रिम आवरण म्हणजे दंतटोपी; आणि पडलेल्या वा काढलेल्या दाताच्या जागी येणारा कृत्रिम दात शेजारच्या दातांवरील टोप्यांना जोडून कायमचा पक्का केला, तर त्या रचनेला दंतसेतू म्हणतात. छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यांत यांना सर्रास ‘कॅप’ आणि ‘ब्रिज’ म्हटले जाते, तर काढता-घालता येणाऱ्या कवळीहून वेगळे म्हणून ‘फिक्स दात’ हा शब्दही रुग्णांच्या तोंडी रूढ आहे. या शहरात १९८२ साली शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय स्थापन झाले. ‘घाटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शासकीय रुग्णालयाच्या परिसरातील ही संस्था आणि पैठण रस्त्यावर कांचनवाडी येथील छत्रपती शाहू महाराज शिक्षण संस्थेचे दंत महाविद्यालय अशी दोन शिक्षण व उपचारकेंद्रे शहरात आहेत. कृत्रिम दंतशास्त्र, म्हणजे गमावलेल्या दंतभागाची भरपाई करणारी शाखा, तेथे स्वतंत्र विषय म्हणून शिकवली जाते.

टोपीची गरज सर्वाधिक भासते ती रूट कॅनॉल झालेल्या दाढेला. कीड दंतमज्जेपर्यंत, म्हणजे दाताच्या गाभ्यातील नसा व रक्तवाहिन्यांपर्यंत पोचली, की ती मज्जा काढून मुळांच्या नळ्या स्वच्छ करून भरल्या जातात. परंतु किडीने आणि या उपचाराने मिळून दाढ इतकी पोकळ झालेली असते, की भाकरीचा कडक पापुद्रा किंवा सुपारी चावतानाही तिचा उंचवटा उभा चिरू शकतो. उपचारानंतर ठणका थांबतो, आणि नेमके इथेच अनेक रुग्ण थांबतात. जालना, बीड, परभणीकडून शहरात येणाऱ्याला दुखणे नसताना पुन्हा फेऱ्या मारणे जड जाते हे समजण्यासारखे आहे, तरी टोपीवाचून सोडलेली दाढ मुळापर्यंत चिरली, तर ती काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

टोपी बसवण्यासाठी दात चोहोबाजूंनी तासतात. चावण्याच्या पृष्ठावरून साधारण दीड ते दोन आणि कडांवरून एक ते दीड मिलिमीटर भाग जातो. हे तासणे परत भरून येणारे नसल्याने निरोगी दातावर केवळ देखणेपणासाठी टोपी घालण्याआधी दोनदा विचार व्हावा. दाताच्या भिंती वरच्या दिशेला किंचित निमुळत्या ठेवतात, कारण त्या फार निमुळत्या झाल्या तर टोपी निसटते आणि मुळीच नसल्या तर ती बसत नाही. हिरडीलगत सर्व बाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीचा मूळ दात शिल्लक असेल, तर टोपी त्याला घट्ट कवेत घेते; तेवढाही नसेल, तर मुळात खुंटी रोवून वर गाभा उभारावा लागतो, पण अशा दाताचे आयुष्य कमीच भरते. पुढे सिलिकॉनसारख्या पदार्थाने माप घेतात, तात्पुरती टोपी बसवतात, दाताची छटा जुळवतात आणि तंत्रज्ञाने प्रयोगशाळेत घडवलेली टोपी सिमेंटने चिकटवतात.

सोन्याच्या पट्ट्यांनी कृत्रिम दात शेजारच्या दातांना बांधण्याची कला इटलीतील इट्रुस्कन लोकांना अडीच हजार वर्षांपूर्वीच साधली होती. मेणाचा नमुना वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची मूर्तिकारांची जुनी रीत १९०७ साली विल्यम टॅगर्ट या अमेरिकी दंतवैद्याने दंतकामात रूढ केली आणि तेव्हापासून ओतीव टोप्या दाताला नेमक्या बसू लागल्या. धातूवर चिनी मातीचा थर भाजून चढवण्याची पद्धत १९६० च्या दशकात स्थिरावली. आता संगणकाच्या साहाय्याने कोरलेली झिर्कोनियाची, म्हणजे अतिकठीण पांढऱ्या सिरॅमिकची टोपीही सर्वत्र मिळते.

सेतूचे गणित अधिक नाजूक आहे, कारण गेलेल्या दाताचा भार आधारदातांना आपल्या भाराखेरीज वाहावा लागतो. आधारदातांच्या मुळांचे एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांपेक्षा कमी नसावे, हा १९२६ साली मांडलेला अँटेचा नियम आज काटेकोर अट न मानता अंदाजासाठी वापरतात. दात काढल्यावर वर्षानुवर्षे जागा रिकामी राहिली, तर शेजारचे दात तिच्याकडे कलतात, समोरच्या जबड्यातील दात खाली किंवा वर सरकतो आणि सेतू बसवणे अवघड होते. दोन्ही शेजारी निरोगी असतील, तर त्यांना तासण्यापेक्षा हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर टोपी घालणे, म्हणजे इम्प्लांट, श्रेयस्कर ठरते. मात्र त्यासाठी हाड पुरेसे आणि मधुमेह आटोक्यात असावा लागतो.

तंबाखू आणि सुपारीचे व्यसन या उपचाराच्या मुळावर येते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाचे आतले अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासे होते, आणि मग मापाचा साचाच आत जात नाही. याहून घातक प्रकार आहे तो नोंदणी नसलेल्या माणसांकडून ‘तासाभरात दात’ बसवून घेण्याचा. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने या व्यवसायाला नोंदणीचे बंधन घातलेले असताना हे लोक जागच्या जागी घट्ट होणारे अ‍ॅक्रिलिक आणि तार शेजारच्या दातांभोवती गुंडाळतात. त्याखाली अन्न कुजते, हिरडी सुजते आणि धड दातही हलू लागतात.

उत्तम सेतूतही सर्वांत दुबळी जागा म्हणजे टोपीची हिरडीलगतची कड. तेथे राहिलेल्या फटीतून कीड आत शिरते आणि टोपीखाली ती दिसत नाही, तर रूट कॅनॉल झालेल्या दाताला संवेदना नसल्याने दुखतही नाही. सेतूच्या मधल्या दाताखालून नेहमीचा दोरा वरून घालता येत नाही, म्हणून कडक टोकाचा खास फ्लॉस किंवा दोन दातांमधला बारीक ब्रश रोज वापरावा लागतो. एका आधारदाताला जरी मोठी कीड लागली, तरी बहुधा संपूर्ण सेतू कापून काढावा लागतो, आणि तो आधारदात वाचला नाही तर पुढचा सेतू आधीपेक्षा लांब होतो.