भरतीची रेषा कोण आखतो? आपल्या खारेपाटाच्या बांधाची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, पण अलिबाग, पेण, उरणकडच्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. सध्या गावोगावी एकच चर्चा आहे. सीआरझेडच्या नकाशात आपला गट नंबर कुठल्या रंगात आला? शेतात तिवर उगवलंय, आता जमीन गेली का? तिसऱ्या मुंबईत आपलं गाव आहे का? कुणी म्हणतं पर्यावरणवाल्यांनी वाट लावली, कुणी म्हणतं बिल्डरांनी. दोन्ही बाजूंनी बोलण्याआधी एकदा मागे वळून बघू, कारण समुद्र कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते, हा वाद आपल्याकडे आजचा नाही.

आपला खारेपाट निसर्गाने आयता दिलेला नाही. भरतीचं पाणी जिथे दिवसातून दोनदा यायचं, त्या चिखलात आपल्या पूर्वजांनी मातीचे बांध घातले. बाहेरच्या बाजूला मोठा बाहेरकाठा, त्याला दगडांचा आधार आणि मध्ये उघाडी. उघाडी म्हणजे साधी लाकडी झडप, पण डोकं बघा त्यात किती आहे! भरती आली की समुद्राच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप बंद होते आणि ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं जातं आणि मग भात लागतो. बांधाच्या आत भात आणि तळ्यात जिताडा, बाहेर चिखल, तिवरं, निवटे आणि चिंबोऱ्या. दोन्ही एकमेकांच्या आधाराने. बाहेरची तिवरं लाटेचा मार खायची, म्हणून आतला मातीचा बांध टिकायचा. जुने लोक बाहेरच्या तिवरांना उगाच हात लावत नसत, ते याचसाठी.

हा बांध सांभाळायचा कोणी, याचेही नियम होते. १८८३च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये शिलोत्री पद्धतीची माहिती आहे. शिलोत्रीदाराने बाहेरचा बांध राखायचा आणि त्या बदल्यात कुळांकडून जमिनीच्या मापाने ठरलेलं भात घ्यायचं. शिवाय गावकरी जोळाने, म्हणजे घरटी माणूस देऊन, बांधाची डागडुजी करत. उधाणात खांड पडली तर रात्री-अपरात्री अख्खं गाव टोपल्या घेऊन बांधावर. माझे आजोबा सांगायचे, लग्नघरातली माणसंसुद्धा उठून जायची. कारण एक खांड बुजवायला उशीर झाला तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात, आणि पुढची दोन-तीन वर्षं मीठ उतरेपर्यंत भात नाही.

ही व्यवस्था फार न्यायाची होती असं समजू नका. बांध शेतकऱ्याच्या घामाचा आणि भात खोताच्या कोठारात. म्हणून तर १९३३मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीचा संप झाला. शेतकऱ्यांनी जमिनी ओसाड ठेवल्या, उपाशी राहिले, पण सुमारे सहा वर्षं हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडलं. स्वातंत्र्यानंतर खोती गेली, कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारा मालक झाला.

पण एक प्रश्न राहून गेला. जमिनीला मालक मिळाला, बांधाला कोण? त्यासाठी १९४८मध्ये मुंबई खार जमीन कायदा आणि पुढे १९७९मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा झाला. बांध सरकारी योजनेत गेले. चांगली गोष्ट होती, पण त्याचबरोबर जोळ मोडला. 'आता सरकार बघेल' असं गाव म्हणू लागलं, आणि सरकारकडे निधी येईपर्यंत उधाण काही थांबत नाही.

आता दुसऱ्या बाजूने आलेली रेषा बघा. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं: भरतीच्या कमाल पातळीपासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवा. त्या पत्राला कायद्याचं बळ नव्हतं. ते आलं १९ फेब्रुवारी १९९१ला, सीआरझेड अधिसूचनेने. खाड्यांसाठी भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं कमी असेल ते अंतर, आणि ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटर ना-विकास क्षेत्र. पण राज्यांनी नकाशेच केले नाहीत. शेवटी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले तेव्हा आराखडे तयार झाले. मूळ अधिसूचनेत २०११पर्यंत वीसहून जास्त दुरुस्त्या झाल्या, बहुतेक सगळ्या सैल करणाऱ्या. २०११ला नवी अधिसूचना, १८ जानेवारी २०१९ला आणखी नवी. या शेवटच्या अधिसूचनेत खाडीचं १०० मीटरचं अंतर ५० वर आलं आणि दाट वस्तीच्या गावांत किनाऱ्याचे २०० मीटरही ५० झाले. म्हणजे 'नियम दिवसेंदिवस कडक होतायत' ही आपली समजूत खरी नाही. अंतरं कमीच होत गेली आहेत.

कडक झालं ते कांदळवनाचं संरक्षण, आणि तेही न्यायालयामुळे. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ला राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली आणि भोवतालच्या ५० मीटरमध्ये बांधकामही थांबवलं, मग जमीन कोणाच्याही मालकीची असो. २६ जुलैचा महापूर तेव्हा जेमतेम सव्वादोन महिन्यांपूर्वीचा. पाणी मुरायच्या जागा बुजवल्या की काय होतं, हे मुंबईने नुकतंच भोगलं होतं. १७ सप्टेंबर २०१८च्या अंतिम निकालात न्यायालयाने कांदळवनाचा नाश म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचं सांगितलं.

निर्णय योग्यच होता. पण आपल्याकडे त्याचा एक उलटा परिणाम झाला. बांधाची डागडुजी झाली नाही, खांड पडली, खारं पाणी आत आलं आणि चार-पाच वर्षांत भातशेतात तिवरं उभी राहिली. आता ते शेत कायद्याच्या नजरेत कांदळवन! १९९१पूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा तिथेच थांबते, हे २०१९च्या अधिसूचनेत आहे. पण त्याच ठिकाणी हेही आहे की, आत खाऱ्या पाण्याने उगवलेली तिवरं सीआरझेड-१ए, म्हणजे सगळ्यात कडक गटात धरायची. बांध फुटला यात शेतकऱ्याचा दोष नाही, पण भुर्दंड त्यालाच. मग त्याला तिवर शत्रू वाटलं तर नवल काय? आणि 'तुझी जमीन आता कामाची नाही, दे स्वस्तात' म्हणणारा दलाल दाराशी उभाच असतो.

पाणथळींचे नियम आपल्याला वाचवतील म्हणाल, तर २०१७च्या नियमांत भातशेती, मीठ पिकवण्यासाठी केलेले जलसाठे आणि सीआरझेडमध्ये येणाऱ्या पाणथळी नियमांच्या कक्षेतूनच वगळल्यात. म्हणजे आपली खारशेती, आपली मिठागरं त्यात बसत नाहीत.

आता गोव्याकडे बघा. तिथली खाजन शेती म्हणजे आपल्या खारशेतीची सख्खी बहीण. तोच बांध, तीच झडप, तिथे तिला मानस म्हणतात. २०११च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींसाठी खास तरतूद होती: त्यांचा नकाशा करा, राखा, तिथे विकासकामांना परवानगी नको. गोव्याच्या लोकांनी आपल्या शेतीचं नाव कायद्यात लिहवून घेतलं. आपल्या खारेपाटाचं नाव त्यात नाही, आणि ते असावं म्हणून आपण एकत्र मागणीही केली नाही.

आपल्याला भांडता येत नाही असं नाही. २१ सप्टेंबर २००८ला पेण तालुक्यातल्या २२ गावांनी सेझवर जनमत दिलं, ते देशाने बघितलं. जासईच्या १९८४च्या हुतात्म्यांची भूमी ही. आता अटल सेतूच्या या टोकाला उरण, पनवेल, पेणमधल्या १२४ गावांचं नवं शहर आखलं गेलंय. नव्या शहरात भराव येणार, आणि भराव म्हटलं की सखल खारभूमीच सगळ्यात आधी डोळ्यांत भरते. तेव्हा आपल्याकडे दोनच वाटा राहतील: 'नियम काढा' म्हणून ओरडायचं आणि नियम निघाल्यावर भरावाखाली जायचं, किंवा नियमात आपला बांध लिहवून घ्यायचा.

माझं म्हणणं साधं आहे. बांधाच्या बाहेरची तिवरं आणि पाणथळ पूर्ण राखा. तिथे तडजोड नको, कारण ती गेली तर पहिल्या उधाणात आपणच बुडू. बांधाच्या आतली शेती ही खारशेती म्हणून नकाशावर वेगळी दाखवा. बांध आणि उघाड्यांच्या दुरुस्तीला परवानगीच नाही तर मुदत द्या: खांड पडल्यावर इतक्या दिवसांत बुजवलीच पाहिजे. आणि दुरुस्ती न झाल्यामुळे ज्याच्या शेतात तिवर आलं त्याला भरपाई द्या. पर्यावरण आणि शेतकरी, दोघांना एकमेकांसमोर उभं करणारा नियम अर्धवट आहे.

ग्रामसभेत हा विषय घ्या. सातबारा, जुने फेरफार, बांधाच्या कामाचे जुने कागद घरात असतील तर शोधून ठेवा. १९९१पूर्वी बांध होता हे दाखवणारा एक कागद उद्या अख्ख्या गावाच्या उपयोगी पडेल. आणि घरात कोणी आजी-आजोबा जोळावर गेलेले असतील तर त्यांना विचारून ठेवा, कोणती उघाडी कुठे होती ते. तुमच्या गावच्या बांधाचं नाव खाली लिहा. यादी आपणच करायला सुरुवात करू.