शोध कुणाचा?

उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात एक जांभळे फूल सर्वत्र दिसते. पाकळ्या खाली झुकलेल्या, मधोमध काटेरी, नारिंगी घुमट. हे कोनफ्लॉवर. मंच या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये त्याचे 'एकिनेशिया' असे नामकरण केले, ते काटेरी अंगाच्या प्राण्याला असलेल्या ग्रीक शब्दावरून. त्याआधी कितीतरी काळ तिथल्या मूलनिवासी जमाती त्याच्या एका जातीचे मूळ दातदुखीवर आणि सर्पदंशावर वापरत होत्या. नाव देणारा आणि जाणणारा हे दोघे वेगळे असू शकतात, हा धडा इथूनच सुरू होतो.

आज तिकडचे बागकाम करणारे लोक ही फुले मोनार्क फुलपाखरांसाठी मुद्दाम लावतात. मोनार्कची मादी अंडी घालते ती मिल्कवीडवर, म्हणजे आपल्या रुईच्या भाऊबंदांवर. कोनफ्लॉवर उपयोगी पडते ते प्रौढ फुलपाखराला, मधासाठी. शरद ऋतूत जन्मणारी पिढी या मधाची चरबी करून साठवते आणि चार हजार किलोमीटरपर्यंत दक्षिणेला उडत जाते. वजन अर्धा ग्रॅम!

ती जाते कुठे, हे टोरोंटोचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा हे दांपत्य काही दशके शोधत होते. शेकडो स्वयंसेवकांकरवी त्यांनी पंखांवर कागदी बिल्ले चिकटवले. अखेर २ जानेवारी १९७५ रोजी केन ब्रगर आणि मिचोआकानमध्ये जन्मलेली कातालिना आग्वादो यांना सेरो पेलोन या डोंगरावर ओयामेल वृक्ष फुलपाखरांनी लगडलेले दिसले. पुढच्या वर्षी अर्कहार्ट स्वतः तिथे गेले तेव्हा मिनेसोटातील शाळकरी मुलांनी चिकटवलेला एक बिल्ला त्यांना सापडला, आणि पुरावा पूर्ण झाला. 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या ऑगस्ट १९७६ च्या मुखपृष्ठावर फुलपाखरांनी वेढलेली कातालिना होती. श्रेयाची चर्चा मात्र बराच काळ अर्कहार्ट यांच्याभोवतीच फिरत राहिली.

मराठीत 'शोध' या एकाच शब्दात शोधणे आणि सापडणे दोन्ही येतात. पण ज्याला शोधावे लागलेच नाही त्याच्यासाठी शब्द कोणता? फुलपाखरे नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या सणाच्या सुमारास येतात, आणि तिथले लोक त्यांना घरी परतलेले पितर मानत आले आहेत. कवी होमेरो आरिद्खिस १९४० मध्ये मिचोआकानमधील कोन्तेपेक गावी जन्मला. गावामागच्या आल्तामिरानो टेकडीवर तो लहानपणीच ही फुलपाखरे पाहायला जात असे. वनतोडीने ती जंगले विरळ होऊ लागली तेव्हा १९८५ मध्ये त्याने लेखक-कलावंतांचा 'शंभरांचा गट' स्थापन केला आणि संरक्षणाचा आग्रह धरला. १९८६ मध्ये सरकारने पाच ठिकाणे संरक्षित घोषित केली. त्यांत त्याच्या लहानपणची टेकडीही होती.