दगडू आणि दया

शहरात माणूस एकटा पडतो आणि ते एकटेपण त्याचे मन पोखरते, असे समाजशास्त्राची पुस्तके सांगतात. पण हे मन कुणाचे? ज्याला गावात वाडा, शेत, भावकी होती त्याचे. महारवाड्यातून मुंबई गाठणाऱ्याने मागे टाकली होती ती येसकरपाळी आणि दारोदारची भाकर. शहरातले अनोळखीपण त्याला हवेच होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना फटकारले, ते उगीच नव्हे.

मग आमचे मन दुखावले कुठे? त्यासाठी नगर जिल्ह्यातल्या धामणगावच्या दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) पुन्हा वाचावे. कावाखान्यातल्या दाटीवाटीबद्दल पुष्कळ बोलले जाते. मला महत्त्वाची वाटते ती पुस्तकाची मांडणी. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, आणि दोघे एकच आहेत! एक महारवाड्यात वाढलेला, दुसरा नोकरदार, लिहित्या जगात वावरणारा. ही निवेदनाची क्लृप्ती म्हणून सोडून देता येणार नाही. शहरात शिकलेल्या आमच्या पहिल्या पिढीच्या मनाची ती नोंद आहे.

ही फाळणी गर्दीने केलेली नाही. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खे कुटुंब राहिले, पण तिथे जयंती उघडपणे साजरी झाली. (१९७४ च्या जानेवारीत त्या वस्तीवरही दंगल कोसळली, हे विसरायचे नाही.) माणूस खचला तो लपवण्याने. १९१७ साली बडोद्यात, परदेशात शिकून आलेल्या आंबेडकरांना पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि ते उघड होताच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' हे पुस्तक १९६३ चे. मधे शेहेचाळीस वर्षे गेली, स्वातंत्र्यही आले!

जात चोरणाऱ्याला क्षणाची उसंत नसते. तोंडातून गावाकडचा शब्द निसटू नये, भिंतीवर तसबीर लावावी की नको, आईला इथे बोलवावे की नको. ही पहाऱ्याची नोकरी रात्रीही सुटत नाही.

आज अकोल्या-पारनेरची मुले पुण्यात खोली शोधतात, तेव्हा मालक आधी आडनाव विचारतो. पुढे त्यांची झोप उडते. दवाखान्यातल्या केसपेपरवर वय आणि वजन लिहिले जाते. खोली कशी मिळाली, हे कुणी विचारत नाही.