पानिपताहून परतलेला अर्धा शहाणा

वाराणसी छावणीत बदली झालेल्या मराठी अधिकाऱ्याने एक रविवार ब्रह्मा घाटासाठी राखून ठेवावाच. पेशव्यांना पूज्य असलेल्या नारायण दीक्षितांनी १७४० च्या सुमारास हा घाट बांधवला. वरच्या अरुंद गल्ल्यांत अजून मराठी कानावर पडते. याच भागात नाना फडणविसांचा वाडा आहे.

साडेतीन शहाण्यांतले नाना ‘अर्धे’, कारण तलवारीत गती नाही. पण १४ जानेवारी १७६१ ला हा अठरा वर्षांचा मुलगा पानिपतावर होता. तीर्थयात्रेच्या ओढीने आई आणि पत्नीही सोबत आलेल्या. आई त्या पळापळीत गेली ती गेलीच.

खडकवासल्याला आम्ही पानिपत शिकलो ते नकाशावर: तुटलेली रसद, गोलाची लढाई, दुपारनंतरची फळी. संध्याकाळनंतर काय झाले, ते परीक्षेला नव्हते. नानांनी मात्र आपल्या छोट्या आत्मचरित्रात नेमके तेच लिहून ठेवले आहे. वेष टाकून, उपाशीपोटी, गवतात लपत केलेली पायपीट. वाटेत एका बैराग्याने थोडे पीठ दिले, रेवाडीकडे ओळखीपाळखीशिवाय आसरा मिळाला. एवढा मोठा कारभारी, पण ते पीठ विसरला नाही. मला त्या लिखाणातली ही ओळ सगळ्या राजकारणाहून मोलाची वाटते.

आणि मदत केली कोणी? सूरजमल जाट भाऊंशी बिनसल्यामुळे लढाईआधीच निघून गेला होता. मनात आणले असते तर हरलेल्यांना लुटता आले असते; बाकीचे लुटतच होते. त्याने अन्न, वस्त्र, औषध दिले, वाटखर्च देऊन पुढे लावले. शुजाउद्दौला तर समोरच्या फळीत, अब्दालीच्या बाजूचा. त्याच्या छावणीत शिरलेले हजारो मराठे वाचले. विश्वासरावांच्या देहाला अग्नी मिळावा म्हणून खटपट झाली तीही त्याच्याच गोटातून. त्याच्या पदरचा काशीराज पंडित दक्षिणीच होता. आणि ही काशी तेव्हा शुजाच्याच सुभ्यात होती!

नाना पुढे मऊ झाले, असे कोणी म्हणणार नाही. पण तो मुलगा पुण्याला पोहोचला, दरबारात परत बसला आणि १७७४ च्या बारभाईंपासून १८०० पर्यंत दौलत सांभाळत राहिला. आमच्या पलटणीत लढाईवरून आलेल्या जवानाला पहिल्या रात्री कोणी प्रश्न विचारत नाही. लंगरचा हवालदार त्याच्यापुढे गरम रोटी ठेवतो.