खणांचं घर

नव्या घराचा नकाशा काढायला बसलो, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, “माजघर किती खणांचं?” इंजिनिअर गोंधळला. पुण्याच्या जुन्या पेठांत घर खणांनी मोजत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. तुळई जेवढी लांब मिळेल तेवढाच खण, म्हणजे खोलीची रुंदी अखेर लाकूड ठरवायचं. वाड्याचं वजनही खांब-तुळयांवर पेललेलं असे. मधल्या मातीच्या भिंती जाड असल्या तरी त्या मुख्यतः आडोशासाठी.

दिंडी, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर असा क्रम मला फार शहाणा वाटतो: परका माणूस ओसरीवरच थांबे. आणि मधला चौक उजेड, वारा, पाऊस थेट घरात आणी. १७३० साली पाया घातलेला शनिवारवाडाही चौकांभोवतीच रचलेला.

१२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या, कितीतरी वाडे बसले. आमचाही गेला. आई तेव्हा नऊ वर्षांची होती.

नकाशात चौक बसला नाही, याचं मला वाईट वाटतं. पण तीन खणांची ओसरी ठेवली आहे, आणि झोपाळ्यासाठी दोन कड्या.