मोबदल्यावरून पडलेली नावे : मराठीतील कामधंद्यांच्या शब्दांचा इतिहास

कामकऱ्याला नाव देण्याच्या दोन जुन्या रीती मराठीत आढळतात. एका रीतीत तो काय घडवतो ते नावात येते: कुंभार, लोहार, सोनार, चांभार. दुसऱ्या रीतीत त्याला कामाच्या बदल्यात काय, किती दिवसांनी आणि कोणत्या हक्काने मिळते ते येते: बलुतेदार, वतनदार, सालदार, रोजंदार, बिगारी, बदली. पहिल्या प्रकारच्या नावांची व्युत्पत्ती सांगून झाली की फारसे काही उरत नाही. दुसऱ्या प्रकारच्या नावांत मात्र महाराष्ट्रातल्या श्रमाचा सगळा व्यवहार साठलेला आहे.

पहिल्या गटाचा मूळ साचा संस्कृत ‘कार’ या पदाचा. प्राकृतातून येताना त्यातला ‘क’ गळाला आणि कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार, कांस्यकाराचा कासार झाला. हिंदीतले कुम्हार, लुहार, सुनार याच वाटेने आले. सगळ्या भाषांनी एकच शब्द उचलला असे मात्र नाही. लाकूडकाम करणाऱ्यासाठी संस्कृतात तक्षन्, वर्धकि आणि सूत्रधार असे तीन शब्द होते. हिंदीने वर्धकीपासून बढ़ई घेतला, तमिळमधल्या तच्चनची नाळ तक्षन् या शब्दाशी जोडली जाते आणि मराठीचा सुतार, गुजरातीचा सुथार सूत्रधारापासून आले. सूत्र म्हणजे मापाची दोरी. गेरूत भिजवलेली दोरी ओंडक्यावर ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची, लाकडावर लाल रेघ उमटली की त्या रेघेने करवत चालवायची. रंधा, वाकस, किकरे ही हत्यारे सोडून दोरीवरूनच नाव पडावे, इतके या कामात मापाला महत्त्व होते. शिवणकाम करणाऱ्याला हिंदी आणि गुजराती फारसीतून आलेल्या दर्जी या शब्दाने ओळखतात. मराठीने शिंपी ठेवला आणि कन्नडमध्ये सिंपिग आहे. शिंपी हा शब्द शिल्पी या शब्दापासून आला असे मानतात. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी या संतांची नावेही धंद्यासकटच रूढ झाली.

गावगाड्यात या सर्वांना एकत्र बांधणारा शब्द बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे जे तपशीलवार वर्णन आहे, त्याला आजही तोड नाही. बलुते म्हणजे पिकातला ठरीव वाटा. नांगराचा फाळ बोथटला, मोट फाटली किंवा दाढी वाढली तर त्या त्या वेळी कोणी पैसे मोजत नसे. वर्षभर काम करायचे आणि सुगीत खळ्यावर धान्य किंवा पेंढ्या घ्यायच्या. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी असत आणि ओळीप्रमाणे वाटा कमी होत जाई. सुतार, लोहार, चांभार आणि महार बहुतेक याद्यांत थोरल्या ओळीत दिसतात. बाकीच्या जाती मात्र प्रांतागणिक बदलतात. बारा हा आकडा सगळीकडे सारखा, त्यात कोण मोजायचे ते सारखे नाही. ज्यांची गरज अधूनमधून लागे ते अलुतेदार.

याच व्यवस्थेला इतर भाषांनी काय म्हटले ते पाहण्यासारखे आहे. कन्नड प्रदेशात, विजयनगरच्या काळापासून, असे ग्रामसेवक आयगार म्हणून ओळखले जात. आय म्हणजे उत्पन्नातला हिस्सा. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांनी नाव वाट्यावरून ठेवले. उत्तरेकडे मात्र नाव काम करवून घेणाऱ्यावरून पडले: यजमानाचा जजमान झाला आणि त्या नात्याला जजमानी म्हणू लागले. दख्खनच्या गावात कारागीर हा साऱ्या गावाचा असे आणि त्याचा हक्क एकट्यादुकट्या घरावर नसून पांढरीवर, म्हणजे सगळ्या गाववस्तीवर, असे. उत्तरेत तो ठराविक घराण्यांशी बांधलेला असे. नावांतला फरक या व्यवहारातल्या फरकाशी जुळतो.

वाट्याचा हा हक्क वंशपरंपरेने चाले तेव्हा त्याला वतन म्हणत. वतन हा अरबी शब्द. मूळ अर्थ राहण्याचे ठिकाण. पाटील आणि कुलकर्णी यांचे वतन मानाचे होते. महारांचे वतन नावाला वतनच होते, पण त्या बदल्यात कामाला सीमा नव्हती. वेशीची राखण करणारा वेसकर आणि सरकारी कामासाठी धावणारा तराळ ही त्यांतल्या कामांची नावे. सांगावा पोहोचवणे, सारा वाहून नेणे, मेलेली जनावरे ओढणे, हद्दीच्या खुणा सांगणे हे सगळे त्यात येई आणि रात्री-अपरात्री बोलावले तरी जावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते नेमक्या याच प्रश्नावर: काम अमर्याद आणि मोबदला गावाच्या मर्जीवर, याला हक्क कसे म्हणायचे? कनिष्ठ ग्रामवतने १९५८च्या कायद्याने संपली. १९५६च्या धर्मांतरानंतर अनेक गावांत लोकांनी ही कामे आधीच नाकारली होती. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा हा शब्द प्रथमच घेणाऱ्याच्या बाजूने इतक्या स्पष्टपणे उच्चारला गेला.

मोबदल्याशिवाय करवून घेतलेल्या कामाचा शब्दही मराठीत आहे आणि तो दुहेरी आहे. वेठ संस्कृत विष्टीपासून आली, बिगार फारसी बेगारपासून. दोन राजवटींच्या दोन भाषांनी एकाच जुलमाला दिलेली नावे शेजारी बसून वेठबिगार झाली. बिगारी मात्र पुढे बांधकामावरचा मजूर ठरला. त्याला आज मजुरी मिळते, नावात जुनी सक्ती राहिली आहे.

दरबाराची नावे फारसीने भरलेली होती. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्यातून चिटणीस, फडणीस, पोतनीस, जमेनीस, सबनीस, कारखानीस झाले. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. शिवाजी महाराजांनी ही परिभाषा बदलण्यासाठी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. दहा वर्गांत तेराशेहून अधिक शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. अष्टप्रधानांत पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती झाला. पेशवा हा शब्द काही हटला नाही; पुढे शंभर वर्षे राज्याचा कारभार त्याच नावाने चालला. नवी पदे वंशपरंपरागत झाली आणि भोरचे सचिव, बावड्याचे अमात्य अशी घराण्यांची नावे बनली. स्वतंत्र भारतात पंतप्रधान, मंत्री, सचिव पुन्हा नेमणुकीची पदे झाली. तीनशे वर्षांपूर्वीच्या कोशाला मिळालेले हे यश त्या काळातल्या वापरापेक्षा मोठे आहे.

लष्करी नावांची घसरण मात्र कोणी ठरवून केलेली नाही. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत आणि त्यांतला हवालदार किल्ल्याचा मुख्य. किल्ल्या त्याच्या ताब्यात असत, दरवाजे त्याच्या हुकमाने उघडत. इंग्रजी फौजेने आणि पोलिसांनी ही नावे उचलली ती गोऱ्या अधिकाऱ्यांच्या खालच्या पायऱ्यांसाठी. त्यामुळे आज हवालदार नाइकाच्या लगतच्या पायरीवर उभा दिसतो. मुकादमाचेही तसेच झाले. जुन्या कागदांत मोकदम म्हणजे गावचा पाटील. नंतर तो मजुरांच्या टोळीवरचा माणूस झाला.

वर्षाच्या वाट्याऐवजी ठरावीक दिवसांनी रोकड मिळू लागली, तसे शब्द बदलले. फारसीतून आलेल्या नोकर या शब्दाचे मूळ मंगोल भाषेत आहे. तिथे त्याचा अर्थ सरदाराचा साथी. अरबीत महिन्याला शहर म्हणतात आणि त्यावरून महिन्याच्या वेतनाला मुशाहिरा म्हणत. पेशवाईच्या कागदांत तो भेटतो. बंगालीत वेतनाला आजही माइने म्हणतात, तेही फारसी माहियानावरून, म्हणजे पुन्हा महिनाच. हिंदीत तनख्वाह चालतो. मराठी आणि गुजराती यांनी पगार घेतला तो पोर्तुगीजांकडून. त्या भाषेत पगार म्हणजे पैसे चुकते करणे. मेस्त्री, आया, पाद्री, लिलाव हे शब्दही त्याच किनाऱ्यावरून आले. गोव्यात तर पोर्तुगीज शब्द थेट घरोघर पोहोचले. पहाटे पाव घेऊन येणारा पदेर म्हणजे तिथला पादेइरो. माडावर चढून सूर काढणारा रेंदेर हा शब्द मात्र कामाचा नाहीच. रेंद म्हणजे खंड. माड दुसऱ्याचे असत आणि ते खंडाने घेणारा तो रेंदेर. माडावर चढण्याचे जोखमीचे कौशल्य नावात कुठेच आले नाही.

मुंबईत कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि कोकण-घाटावरचा शेतकरी पाळीने काम करू लागला. गिरणीने स्वतःची मराठी तयार केली. विणकामाचा विभाग साचेखाते, मागावरचा माणूस साचेवाला, कामावर घेणारा आणि काढणारा जॉबर, बायकांच्या खात्यावर देखरेख करणारी नायकीण. यांतला सर्वांत बोलका शब्द बदली. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी लागणारा तो बदली. रोज सकाळी त्याने गेटवर उभे राहायचे, जॉबरने हाक मारली तर आत जायचे, नाही तर घरी परतायचे. अनेकांची वर्षे या शब्दाखाली गेली. ‘कामगार’ या शब्दाला मान मिळाला तो चळवळीमुळे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि ‘दीनबंधू’तून त्यांचे प्रश्न मांडले, १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. काम हा प्राकृतातून आलेला शब्द आणि ‘गार’ हा फारसी प्रत्यय यांचा हा जोड कोणत्याही जातीला किंवा वतनाला चिकटलेला नव्हता, हे त्याचे बळ.

शेतातल्या मजुरीची नावे मुदतीवरून पडली. साल ठरवून राहणारा तो सालदार किंवा सालगडी, दिवसाच्या हिशेबाने येणारा रोजंदार. ऊसतोडीत तर माणसाचे नाव गळून पडले आणि हत्याराचे राहिले. कोयता म्हणजे तोडणी करणारे नवरा-बायको मिळून एक जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत मुकादम हंगामाआधी कोयत्यामागे उचल देतो आणि ती टनाच्या दराने तोडणीतून फेडून घेतली जाते. बाईचा दाम वेगळा मोजलाच जात नाही, कारण मोजण्याचे एकक जोडी आहे. स्त्रीचे काम शब्दात स्वतंत्रपणे न दिसण्याची ही खोड जुनी आहे. कुंभारीण, माळीण, परटीण या शब्दांत काम करणारी बाई आणि काम करणाऱ्याची बायको या दोघी एकत्र येतात. पूर्वी मास्तरीण आणि वकिलीण म्हटले की बहुधा पत्नीच समजली जाई. सुईण हा याला मोठा अपवाद; त्या शब्दाला पुल्लिंगी जोडच नाही.

१९६० नंतर राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाने पदनामांचे मराठी पर्याय ठरवले. जिल्हाधिकारी, अभियंता, निबंधक, अधिष्ठाता ही नावे पाट्यांवर आली. बोलण्यात कलेक्टर आणि इंजिनिअर टिकले. महापौर आणि दिग्दर्शक हे सावरकरांच्या नावावर असलेले शब्द मात्र कायद्याच्या आधाराशिवाय रुळले.

अलीकडच्या शब्दांत सर्वाधिक विचार करायला लावणारा शब्द मानधन. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडीत सेविका व मदतनीस नेमल्या गेल्या. चिटणीस-फडणिसांचा ‘नीस’ मदतनीस या शब्दात पुन्हा आला, पण त्या पदांमागचा हक्क आला नाही. मुलांचे वजन घेणे, आहार वाटणे, नोंदवह्या भरणे, लसीकरणाला घरोघर बोलावणे, सर्वेक्षणे करणे हे काम रोजचे असले तरी त्याच्या मोबदल्याला पगार म्हटले गेले नाही. २००५ पासूनच्या आरोग्य अभियानातल्या आशा तर स्वयंसेविका ठरल्या आणि त्यांचा मोबदला बव्हंशी कामागणिक मोजला गेला. पगार शब्द वापरला की रजा, निवृत्तिवेतन, उपदान यांचे प्रश्न उभे राहतात. मानधन म्हटले की ते टळतात. म्हणून मोर्च्यांत वर्षानुवर्षे मागणी होत राहिली ती रकमेच्या वाढीबरोबरच सरकारी कर्मचाऱ्याच्या दर्जाची. गुजरातमधल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी निकाल दिला: १९७२च्या उपदान कायद्यापुरते अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचे मानधन हे वेतनच आहे आणि त्या उपदानाला पात्र आहेत.