मुंबईतील सार्वजनिक पाट्यांवरील इंग्रजी

मुंबई शहरातील दुकाने, इमारती, रस्ते व स्थानके यांच्या पाट्यांवर मराठी, हिंदी, इंग्रजी आणि काही भागांत गुजराती व उर्दू या भाषा आढळतात. यांपैकी इंग्रजीचा वापर केवळ माहिती देण्यापुरता मर्यादित नसून तो सामाजिक वर्गाशीही निगडित आहे. अशा पाट्यांच्या अभ्यासासाठी 'भाषिक भूदृश्य' ही संकल्पना वापरली जाते. रॉड्रिग लँड्री व रिचर्ड बुऱ्ही यांच्या १९९७ मधील लेखामुळे ती रूढ झाली.

स्वरूप

उपनगरी रेल्वेस्थानकांची नावे मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहिलेली असतात. खाजगी पाट्यांवरील भाषा मात्र बहुधा अपेक्षित ग्राहकानुसार ठरते. पिठाची गिरणी, खानावळ किंवा भाजीचे दुकान यांच्या पाट्या प्रामुख्याने देवनागरीत असतात. मॉल, महागडी उपाहारगृहे व गृहसंकुले इंग्रजीला प्राधान्य देतात. गिरणगावातील कापड गिरण्यांच्या जागी मॉल व कार्यालये उभी राहिल्यावर तेथील पाट्यांचे स्वरूपही पालटले. बांधकाम व्यवसायाने लोअर परळ परिसराचा 'अप्पर वरळी' असा केलेला उल्लेख याच प्रवृत्तीचे उदाहरण होय. 'जनरल स्टोअर्स', 'मेडिकल', 'हेअर कटिंग सलून' यांसारखे देवनागरीत लिहिलेले इंग्रजी शब्द मात्र सर्व वर्गांच्या वस्त्यांत दिसतात.

कायदेशीर तरतुदी

मराठी पाट्यांच्या मागणीसाठी २००८ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने आंदोलन केले. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही मराठी नामफलक बंधनकारक झाला. इतर भाषा वापरण्यास मुभा आहे. तथापि मराठी अक्षरे त्यांच्यापेक्षा लहान असता कामा नयेत. व्यापारी संघटनेची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. ती संपल्यावर महानगरपालिकेने तपासणी सुरू केली.

परिणाम व मतमतांतरे

केवळ इंग्रजीत असलेली पाटी ती वाचू न शकणाऱ्या व्यक्तीस माहितीपासून वंचित ठेवते, तसेच ही जागा आपल्यासाठी नाही, असेही सूचित करू शकते. सक्तीचे समर्थक ती राजभाषेच्या प्रतिष्ठेसाठी आवश्यक मानतात. विरोधकांनी खर्च व व्यवसायस्वातंत्र्य हे मुद्दे मांडले. इंग्रजी नावाचे केवळ देवनागरीकरण केल्यास लिपी बदलते, भाषा नाही; त्यामुळे पाटी वाचता आली तरी तिचा अर्थ कळेलच असे नाही.